फुटपाथ आणि रस्त्याच्या मधली पट्टी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझी वाटचाल : कराड ते अमेरिका’. मी हो म्हटलं होतं. पण गेले दोन महिने ग्रुपवर तुमच्या वाटचाली वाचते आहे आणि माझ्या लक्षात आलं की माझी वाटचाल दोन ओळींत संपते. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, मग सिएटलला गेले आणि तेव्हापासून दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, आणि दुसरे माझ्या शोधतात. यावर वीस मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी आठवीत झोपायची तशी झोपतील. म्हणून आज मी एका बागेबद्दल बोलणार आहे. बाग ६ फूट रुंद आणि ५० फूट लांब आहे, आणि ती माझी नाही.

आधी जागा समजावून सांगते, कारण ती आपल्याकडे नसते. आपल्याकडे घर, कंपाउंडची भिंत, गटार आणि रस्ता असा क्रम असतो. तिकडच्या जुन्या वस्त्यांमध्ये घर, अंगण, मग फुटपाथ, मग मातीची एक पट्टी आणि मग रस्ता. ही पट्टी फुटपाथ आणि रस्त्याच्या मधोमध असते. मालकी शहराची आणि निगा समोरच्या घरवाल्यानं राखायची. म्हणजे जबाबदारी तुमची, हक्क त्यांचा. लग्न झालेल्यांना जास्त समजावायला नको.

या पट्टीला एक नाव नाही ही मला मोठी गंमत वाटते. सिएटलमध्ये पार्किंग स्ट्रिप म्हणतात, शिकागोत पार्कवे, क्लीव्हलँडला ट्री लॉन, ऑस्ट्रेलियात नेचर स्ट्रिप. ओहायोमध्ये अॅक्रन नावाचं गाव आहे, तिथले लोक डेव्हिल स्ट्रिप म्हणतात, म्हणजे सैतानाची पट्टी. कोलोरॅडोच्या लॉरेन स्प्रिंगर ऑग्डेन या बागकामावर लिहिणाऱ्या बाईंनी तिला ‘हेल स्ट्रिप’ म्हटलं आणि बागवाल्यांमध्ये तेच रूढ झालं. नरकपट्टी! का, ते पट्टीत कुदळ मारली की कळतं. दोन्ही बाजूंनी काँक्रीट तापतं. गाड्यांतून उतरणारे तिच्यावर पाय देतात. कुत्र्यांचं तर ते हक्काचं ठिकाण. आणि माती म्हणाल तर सिएटलच्या जमिनीवर हिमयुगात सुमारे ३००० फूट जाडीचा बर्फ बसलेला होता. त्यानं दाबून ठेवलेली खडी आणि चिकणमाती, त्यावर रस्ता करताना टाकलेला राडारोडा, त्यावर रोलर. आमच्या पट्टीवर गवत होतं, तेही उन्हाळ्यात गव्हाच्या काडासारखं पिवळं पडायचं. आठ वर्षं मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. दुसऱ्या लाटेत. मी इथे नव्हते. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता आणि नव्या शिक्क्यासाठीच्या मुलाखती करोनामुळे बंद होत्या. आले असते तर परत कधी जाता येईल सांगता येत नव्हतं. मुलगी सात वर्षांची, घराचे हप्ते, माझ्या नोकरीवर सगळ्यांचं तिथलं राहणं. मी आणि नवऱ्यानं दोन रात्री हिशेब केला आणि मी आले नाही. हा निर्णय माझा होता. परिस्थितीवर ढकलायला सोपा आहे, पण विमानं सगळीच बंद नव्हती.

दादा पुण्यात स्वतः पॉझिटिव्ह होता. ऑक्सिजनचं सिलिंडर आपल्या वर्गातल्या दोघांनी मिळवलं, रात्री दोन वाजता, कुठून ते मला अजून सांगितलेलं नाही. पुढे जे करायचं होतं तेही त्या दोघांनीच केलं. पीपीई किट घालून. त्यांची नावं घेऊ नकोस असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून घेत नाही. पण ते इथे बसलेत, आणि नववीत त्यातल्या एकाशी मी कंपासपेटीवरून वर्षभर बोलत नव्हते, हे त्याला आठवत असेल. मी साडेबारा तासांच्या अंतरावरून फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. पडदा दोनदा अडकला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी सकाळी उठले, मीटिंग रद्द केली, दुकानात जाऊन टिकाव आणि फावडं आणलं आणि त्या पट्टीवर खणायला सुरुवात केली. बाग करायची म्हणून नव्हे. घरात बसवत नव्हतं, एवढंच. अंगणात खणलं असतं तरी चाललं असतं, पण अंगण मागच्या बाजूला आहे आणि मला कुठेतरी दारात, रस्त्यावर असायचं होतं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की माणसं दारात बसलेली असतात ना, तसं काहीतरी डोक्यात असेल. तिथे कुणी आलं नव्हतं. करोनात येणार तरी कोण.

तर खणते आहे, आणि शेजारचे आजोबा पलीकडून ओरडत आले. ऐंशीच्या घरातले, एकटे राहतात, तोपर्यंत आमचं बोलणं हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. ते म्हणाले, “फोन केलास का?” मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाले, “८११!” मग कळलं की अमेरिकेत कुठेही खणायच्या आधी या नंबरवर कळवावं लागतं. फुकट असतं. दोन-तीन दिवसांत माणसं येऊन जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठून गेलेत ते वर रंगानं आखून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, नारिंगी म्हणजे टेलिफोन आणि इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. ते आखून गेल्यावर बघितलं तर मी जिथे टिकाव मारत होते तिथून वीतभर अंतरावर पिवळी रेघ होती. वीस वर्षं इंजिनिअर म्हणवून घेते आणि खाली काय आहे हे न बघता खणत होते. ऑफिसात कुणी असं केलं तर मी फाडून खाल्लं असतं.

परवानगीचं म्हणाल तर सिएटल या बाबतीत बरं शहर आहे. २००९ पासून पट्टीत फुलझाडं, भाज्या लावायला परवाना लागत नाही. मोठं झाड लावायचं तर लागतो, तो फुकट मिळतो. लाकडाचे किंवा दगडाचे उंच वाफे बांधायचे तरी परवाना. सगळीकडे असं नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली नावाच्या गृहस्थानं २०१० च्या सुमारास घरासमोरच्या पट्टीत भाजीपाला लावला, कारण त्याच्या वस्तीत वडापावाच्या गाड्यांसारखी बर्गरची दुकानं ढीगभर, पण ताजी भाजी घ्यायला कितीतरी मैल जावं लागायचं. त्याला शहराची नोटीस आली, पुढे अटकेचं वॉरंटही निघालं. त्यानं ऐकलं नाही, लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि अखेर शहरानं नियम बदलले. सिएटलमध्येच कोलंबिया स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर सेरा बर्गमन या बाईंनी ओळीनं घरांसमोरच्या पट्ट्या मागून घेऊन जवळपास मैलभर मधमाश्यांचा आणि फुलपाखरांचा रस्ता तयार केला. एका टोकाला विद्यापीठाचं आवार, दुसऱ्या टोकाला छोटीशी राई, आणि मध्ये पट्ट्यापट्ट्यांनी फुलं. मी हे सगळं नंतर वाचलं. तेव्हा मला फक्त खणायचं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नर्सरीतून दोनशे डॉलरची रोपं आणून लावली. जे फुललेलं दिसलं ते उचललं. २६ जूनला पारा १०२ फॅरनहाइटवर गेला, २७ ला १०४, आणि २८ ला १०८, म्हणजे ४२ अंश सेल्सिअस. सिएटलच्या नोंदींत इतकी उष्णता कधीच नव्हती. तिथे घरांना पंखेसुद्धा नसतात हो. आपल्याला ४२ चं काय, पण तिथल्या झाडांना ते माहीत नाही. तीन दिवसांत पट्टीतलं सगळं करपलं. मी रात्री बादल्या ओतत होते आणि पाणी त्या मातीवरून तसंच रस्त्यावर वाहून जात होतं, आत मुरतच नव्हतं. चौथ्या दिवशी मी आत गेले आणि पडदे लावून घेतले.

सप्टेंबरमध्ये आजोबांनी बेल वाजवली. हातात खोकी. घरपोच सामान येतं त्यांची पुठ्ठ्याची खोकी त्यांनी उन्हाळाभर साठवली होती. म्हणाले, खणू नकोस आता, झाक. आम्ही दोघांनी खोक्यांच्या चिकटपट्ट्या काढल्या, पुठ्ठे एकावर एक चढवून पट्टीभर अंथरले, पाण्यानं भिजवले. रस्त्यावरची झाडं छाटणारी माणसं फांद्यांचा चुरा ट्रकमधून फुकट टाकून जातात, तो अर्धा फूट जाड पसरला. आणि सोडून दिलं. सिएटलचा पाऊस हिवाळ्यातला. त्याची ख्याती फार आहे, पण वर्षाकाठी पडतो ३८ इंचांच्या आसपास, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, आणि आपल्या महाबळेश्वरानं तर त्याची दखलही घेऊ नये. फक्त तो रोज थोडा थोडा पडतो, कुरकुऱ्या माणसासारखा. ऑक्टोबर ते एप्रिल. त्या पावसात पुठ्ठा कुजला, खालचं गवत मेलं, आणि मार्चमध्ये मी चुरा बाजूला सारून बघितलं तर गांडुळं. मी फोटो काढून आईला पाठवला. बाबा गेल्यावर आमचं फोनवर बोलणं म्हणजे “जेवलीस का” आणि “हो” असं झालं होतं. त्या फोटोवर तिचा उलटा फोन आला. “माती दाखव नीट. हातात घेऊन दाखव.”

२०२२ च्या मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आली. तिच्याकडे जुना दहा वर्षांचा व्हिसा होता. मला येता येत नव्हतं, पण ती येऊ शकत होती, हा कागदांचा विनोद. बॅगेत तिनं घेवड्याच्या आणि अळूच्या पुड्या बांधल्या होत्या. मी फोनवर तीनदा बजावलं की बी-बियाणं, कंद काही आणायचं नाही, विमानतळावर काढून घेतात, दंड होतो. ती कुरकुरत पुड्या शेजारच्या काकूंना देऊन आली. आल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टीवर उकिडवी बसली, माती मुठीत दाबली, सोडली, वास घेतला. म्हणाली, “अजून कच्ची आहे. पण होईल.”

तुमच्यापैकी जे आमच्या घरी यायचे त्यांना आठवेल, कंपाउंडच्या बाहेर, भिंत आणि गटाराच्या मधल्या हातभर जागेत आईनं काय काय लावलं होतं. कण्हेर, तगर, कर्दळ, एक शेवगा, आणि गटाराच्या कडेला अळू. गटार साफ करायला माणसं यायची ती अळू उपटून टाकायची, आई ते परत लावायची. म्हणजे फुटपाथ आणि रस्त्याच्या मधली बाग ही तिला अमेरिकेत जाऊन शिकायची गोष्ट नव्हती. मीच ती तिकडे शिकत होते. बाबांचं काम पाणी घालायचं. एस.टी.ची ड्यूटी संपवून आले की डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता बादली घ्यायचे.

मी माती तपासायला पाठवली होती. त्यावरून आमचं भांडण झालं. रस्त्याकडेची जमीन, जुनी वस्ती, घरांचे जुने रंग, पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं, हे सगळं मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ पर्यंत पूर्ण बंद झालं, आपल्याकडे २००० साली. अहवाल आला, शिसं होतं, पण मर्यादेच्या आत. मी ठरवलं की मुळा-गाजर लावायचं नाही, पालेभाजी थोडीच आणि तीनदा धुऊन, शेंगा मात्र चालतील. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, “गटाराकडेच्या अळूचं फदफदं खाऊन तू इंजिनिअर झालीस.” यावर मुद्दा काढणं मला जमलं नाही. पण मुळा लावू दिला नाही.

पहिल्यांदा मेथी आणि कोथिंबीर. जूनमध्ये तिथे सोळा तास उजेड असतो. कोथिंबीर त्यानं बावरते आणि हात हात वाढून फुलावर येते. मी उपटायला निघाले, तर आईनं हात धरला. “येऊ दे फुलं, धणे होतील.” आणि त्या पांढऱ्या फुलांवर माश्या, भुंगे, काय काय यायला लागलं. भुंगे तर लोकरीचा गोंडा उडावा तसे. कडेनं मी झाडं लावली होती. किनिकिनिक नावाचं जमिनीवर पसरणारं झुडूप, यॅरो, लव्हेंडर, थाइम. उन्हाळ्यात ज्यांना पाणी मागायची सवय नाही अशी. या वेळी दुकानात विचारून लावली. आणि रस्त्याच्या कडेला दोन फूट मोकळे सोडले, गाडीतून उतरणाऱ्यानं पाय कुठे ठेवायचा? मध्ये दोन ठिकाणी सपाट दगड टाकून वाट ठेवली. हे सगळ्यात महत्त्वाचं, कुणी करणार असेल तर लक्षात ठेवा. माणसाला जायला वाट दिली नाही तर तो रोपांवरून जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आईनं आणखी एक केलं. जुलैत तिकडे पाऊस जवळजवळ नसतोच. तिनं प्रत्येक झाडाभोवती खुरप्यानं आळं केलं. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी आपल्याला शाळेमागच्या बागेत करायला लावलं होतं तसंच, कडेला बांध आणि मध्ये खोलगट. (बाई, माझं आळं तुम्ही मोडून परत करायला लावलं होतं, मला अजून राग आहे.) पाणी जागच्या जागी मुरायला लागलं. शेजारचे आजोबा दोन दिवस काठीवर भार देऊन बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टोमॅटोंना आळी. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. पण सकाळी सातला दोघं आपापल्या पट्टीत, ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं की विषय एकच चालू आहे.

आता माझी चूक सांगते. आमचं घर कोपऱ्यावर आहे. बाजारात मिळालेल्या लाल फुलांच्या घेवड्यासाठी आम्ही बांबूचा मांडव उभा केला, सहा फूट उंच, नेमका कोपऱ्याला, कारण तिथे ऊन चांगलं. वेल वर चढला, लाल फुलांचे घोस आले. त्या फुलांवर हमिंगबर्ड यायचा. अंगठ्याएवढा पक्षी, हवेत एका जागी थांबून चोच घालतो. आई त्याला “तो हेलिकॉप्टर” म्हणायची. आणि ऑगस्टमध्ये शहराकडून पत्र आलं.

सरकारी पाकीट म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या कुणालाही विचारा. मी रात्रभर नियम वाचत बसले, नवरा म्हणाला उपटून टाक सगळं, आपल्याला कशाला नसता ताप. सकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, “काय म्हणतायत ते आधी नीट वाच.” म्हणत ते एवढंच होते की कोपऱ्याजवळ उंच काही नको, वळणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडचं दिसत नाही. तक्रार समोरच्या गल्लीतल्या एका बाईनं केली होती. तिचा मुलगा सायकलवर होता, गाडी वळली, आणि थोडक्यात वाचला. माझ्या मुलीच्या वर्गातला मुलगा. मी रस्ता ओलांडून जिथून गाडी वळते तिथे जाऊन खाली वाकून बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं. तीन आठवडे रोज मी तो मांडव घराच्या बाजूनं बघत होते, एकदाही रस्त्याच्या बाजूनं बघितला नव्हता.

रविवारी मांडव हलवला. वेल जिवंत ठेवून सहा फुटी मांडव कोपऱ्यापासून चाळीस फूट नेणं हे साधं काम नव्हे. आजोबा, नवरा, दोन मुली, आणि ती तक्रार करणारी बाई आणि तिचा मुलगासुद्धा आले. निम्मे वेल तुटले. उरलेल्यांनी सप्टेंबरमध्ये शेंगा दिल्या. कोपऱ्यावर आता थाइम आहे, घोट्याच्या वर जात नाही.

सप्टेंबरमध्येच एकदा आम्ही दोघी तण काढत होतो. काल मी आईला विचारलं की पुढचं सांगू का भाषणात, तर म्हणाली, सांग, त्यात काय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

बाबा आजारी पडल्यापासून शेवटपर्यंतचे नऊ दिवस तिनं मला कधी सांगितले नव्हते, मी विचारले नव्हते. त्या दिवशी ती आपणहून सांगायला लागली. कुठल्या दिवशी ताप, कुठल्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली, सिलिंडर कसं आलं, शेवटच्या दिवशी ते काय म्हणाले. हात चालू होते, माझ्याकडे बघत नव्हती. मध्ये एक माणूस कुत्रा घेऊन गेला, आम्ही दोघी त्याला हसून हॅलो म्हणालो आणि ती पुढे सांगायला लागली. मग मी विचारलं, “आई, मी आले नाही म्हणून तुला राग आला होता?”

ती म्हणाली, “आला होता.”

थोडं तण काढलं. “दोन महिने तुझा फोन घ्यावासा वाटत नव्हता. घेत होते.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “ते खुरपं दे,” आणि मी दिलं. त्यानंतर आमचं फोनवरचं “जेवलीस का” बंद झालं. आता आम्ही फोनवर भांडतो, बऱ्यापैकी.

तुमची वेळ खूप घेतली. एकच सांगते आणि बसते. आईला सिएटलचं एक पटलं नाही. कराडला पहाटे पाचला पिशव्या घेऊन फुलं तोडणारे येतात, तिनं आयुष्यभर त्यांच्याशी भांडण केलं. त्यात आपल्या वर्गातल्या काहींचे आजोबा होते, नावं घेत नाही. सिएटलमध्ये तिनं दसऱ्यासाठी लावलेला झेंडू पट्टीभर फुलला, आणि कुणी एक फूल तोडलं नाही. लोक यायचे, बघायचे, फोटो काढायचे, जायचे. आईला ते लागलं. “कसली माणसं ही? कुणाच्या घरी देव नाही?” शेवटी तिनं माझ्या मुलीकडून पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून घेतलं, ‘कृपया घ्या’, आणि पट्टीत काठीला लावलं. मग मात्र लोक नेऊ लागले. लाजत, एकेक. आजोबांनी कोटाला लावून घेतलं. दसऱ्याच्या तोरणाला पुरेल एवढा झेंडू उरला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी ती परत आली.

कराडला आल्यावर तिनं भिंतीबाहेरच्या तगरीला तशीच पाटी लावली. मराठीत. ‘देवापुरती घ्या.’ इतक्या वर्षांचं भांडण मिटवायचं म्हणून.

चौथ्या दिवशी पहाटे कुणीतरी फुलं नेली, आणि पाटीही नेली. कुणी नेली असेल त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला गुपचूप भेटावं, आईला मी सांगणार नाही. पाटी शिसवीची होती, बाबांच्या जुन्या पाटाची फळी.